महागड्या शहरात परवडणारे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचे आमंत्रण दिले तेव्हा विषयही सोबतच दिला. त्या म्हणाल्या, "युरोप कसा दिसतो ते सांगू नका, ते आता सगळ्यांनी पडद्यावर पाहिलेले आहे. तिकडे आपल्यासारख्या माणसांना परवडेल अशा ठिकाणी उतरायचे कसे, तेवढे सांगा." सूचना मला मनापासून पटली. आमचे हे आणि मी २०२३ साली तीन आठवड्यांसाठी लंडन, पॅरिस आणि रोम ही शहरे पाहून आलो, तेव्हापासून गंगेवर भेटो की भाजीबाजारात, प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारतो, "राहिलात कुठे? आणि किती पडले?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. विमानाचे भाडे एकदाच द्यावे लागते, खोलीचे भाडे मात्र रोज रात्री. लंडनच्या मध्यवस्तीत साध्यातल्या साध्या हॉटेलात दोघांच्या खोलीला एका रात्रीचे दीडशे पौंड सहज जातात. पौंड शंभर रुपयांच्या वर आहे. म्हणजे नुसते पाठ टेकायचे पंधरा हजारांहून अधिक! आपल्यापैकी अनेकींचा बेत या एका आकड्यापाशी येऊन मोडतो. मुलीचा पदवीदान समारंभ आहे, सुनेचे बाळंतपण आहे, जायला तर हवे. पण "राहायचे कुठे" या एका प्रश्नाने आई इकडेच राहते आणि समारंभाचे फोटो मोबाइलवर पाहते.

माझे सांगणे थोडक्यात असे, की अशा शहरात स्वस्त हॉटेल शोधू नये, धर्मशाळा शोधावी. हॉटेल गिऱ्हाइकासाठी बांधलेले असते, आणि गिऱ्हाइके वाढली की त्याचा भाव चढतो. पण प्रत्येक जुन्या शहरात काही घरे अशी असतात, की ती कुणीतरी परक्या माणसाची सोय म्हणून उभी केलेली असतात. ती यात्रेकरूंसाठी असतील, विद्यार्थ्यांसाठी असतील, नोकरीसाठी घर सोडून आलेल्या बायकांसाठी असतील. त्यांचा दर आजही बेताचा असतो. ती जाहिरात फारशी करीत नाहीत, म्हणून ती शोधावी लागतात, एवढेच.

ही गोष्ट नाशिककरणीला समजावून सांगायला नको. आपल्या पंचवटीत क्षेत्रोपाध्यांच्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या यजमान उतरत आले. माणूस दूरच्या गावाहून यायचा, आपले कुळ आणि गाव सांगायचा, उपाध्ये वही काढून त्याच्या पणजोबांचे नाव दाखवायचे, आणि आत स्वयंपाकघरात चार पाने वाढायची सूचना जायची. खोलीचा दर कुणी विचारीत नसे. दक्षिणा दिली जाई. ज्याचा उपाध्या नाही त्याला धर्मशाळा होती. गाडगे महाराजांनी नाशिकला धर्मशाळा बांधली ती गरीब यात्रेकरूला उघड्यावर झोपावे लागू नये म्हणूनच. आणि सिंहस्थ आला की साध्या लॉजचे भाव कुठल्या कुठे जातात, तेही आपण २०१५ साली पाहिले आहे. यात्रेच्या गावात राहणाऱ्या बाईला जागेचे अर्थशास्त्र कुणी शिकवावे लागत नाही.

रोमला उतरल्यावर मला हेच सारे आठवले. रोमचाही एक सिंहस्थच आहे. त्याला ज्युबिली म्हणतात. पहिला १३०० साली झाला, आणि हल्ली दर पंचवीस वर्षांनी भरतो. नुकताच २०२५ साली भरला. त्या वर्षी तिथे जागेची अडचण असणार, हे ध्यानात घेऊनच आम्ही दोन वर्षे आधी जाऊन आलो. सोळाव्या शतकात रोममध्ये फिलिप नेरी नावाचे साधुपुरुष होऊन गेले. त्यांनी १५४८ साली एक मंडळी स्थापन केली, आणि १५५० च्या ज्युबिलीत या मंडळीने दमून आलेल्या गरीब यात्रेकरूंना निवारा दिला, जेवू घातले, त्यांचे पाय धुतले. गाडगेबाबांची आठवण व्हावी असेच ते काम.

ती परंपरा तिथे अजून आहे. रोममध्ये जोगिणींचे अनेक मठ आहेत आणि त्यांपैकी कित्येकांत पाहुण्यांसाठी खोल्या असतात. इटालियनमध्ये अशा घराला 'कासा पेर फेरिए' म्हणतात. कुठल्याही धर्माचा माणूस चालतो. आम्ही अशाच एका मठात राहिलो. दोन अरुंद खाटा, पांढऱ्या शुभ्र चादरी, भिंतीवर क्रूस, एक टेबल, एक खुर्ची. दूरदर्शन नाही. सकाळी पाव, लोणी, मुरंबा आणि कॉफी. जवळच्या हॉटेलापेक्षा दर पुष्कळ कमी आणि स्वच्छता अशी, की आमच्या सासूबाईंनीसुद्धा नाव ठेवले नसते. अट एकच, रात्री साडेदहाच्या आत परत. यांना ती अट जाचक वाटली. मला मात्र रात्री दाराला आतून कडी पडते हे ऐकून गाढ झोप लागली! प्रत्येक मठाची वेळ वेगळी असते, म्हणून ती आधी विचारून घ्यावी. आणि पत्र शक्य तर इटालियनमध्ये पाठवावे. मोबाइलवर भाषांतर होते, ते तोडकेमोडके असले तरी त्या भगिनींना चालते.

आता लंडन. लंडनला फिट्झरॉय स्क्वेअर नावाचा चौक आहे, शहराच्या अगदी मध्यावर. तिथे इंडियन वायएमसीएचे वसतिगृह आहे. के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने ही संस्था १९२० साली सुरू झाली, ती इंग्लंडला शिकायला आलेल्या हिंदी विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून. आधीची इमारत युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत गेली, आणि हल्लीची १९५० नंतरच्या काळात उभी राहिली. विद्यार्थी राहतात, आणि जागा असेल तर प्रवाशांनाही खोली मिळते. खोली लहान, न्हाणीघर बहुतेक सामायिक. पण जेवणाच्या दालनात डाळ-भात, भाजी आणि चपाती! दहा दिवस पावावर काढलेल्या माणसाला ती वाटीभर डाळ म्हणजे काय, हे इथे बसून सांगता यायचे नाही. बाहेरच्या माणसालाही तिथे पैसे देऊन जेवता येते, म्हणून खोली दुसरीकडे घेतलीत तरी हा पत्ता लिहून ठेवा.

याच फिट्झरॉय स्क्वेअरच्या आसपास आपणा बायकांच्या दृष्टीने आणखी एक जुनी गोष्ट घडली. १८५५ साली लेडी किनेर्ड या बाईंनी इथे एक घर उघडले. क्रिमियाच्या युद्धावर फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हाताखाली जाणाऱ्या परिचारिकांना लंडनमध्ये उतरायला जागा हवी होती, तेवढ्यासाठी. एकट्या बाईला कुठली खानावळ सहजासहजी जागा देईना, असा तो काळ. पुढे जगभर पसरलेल्या वायडब्ल्यूसीएचे मूळ या घरात आहे. चार खाटांची व्यवस्था करणाऱ्या बाईने किती मोठे काम केले, याची कल्पना तिला स्वतःलाही नसेल.

बायकांच्या शिक्षणाचा प्रश्नही पुष्कळ वेळा जागेपाशीच अडला होता. केंब्रिजला व्याख्याने ऐकायला बायकांना परवानगी मिळू लागली, पण गावाबाहेरच्या मुलीने राहायचे कुठे? म्हणून १८७१ साली पाच मुलींसाठी एक घर भाड्याने घेतले आणि मिस क्लफ या बाईंना तिथे देखरेखीला बसवले. त्या घराचे पुढे न्यूनम कॉलेज झाले. ऑक्सफर्डचे समरव्हिल हॉल १८७९ चे, तेही आधी मुलींच्या राहण्याची जागा म्हणूनच उघडले. आणि या समरव्हिलमध्ये १८८९ साली कोण येऊन राहिले? कॉर्नेलिया सोराबजी! त्यांचा जन्म १८६६ सालचा आणि आपल्या नाशिकचा. ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. आपल्याकडे अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला तोही १८९६ सालीच. राहण्याची सोय झाली म्हणून मुली शिकल्या, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच.

लंडनच्या उत्तरेला हायगेट म्हणून उंचावर वसलेला भाग आहे. तिथे क्रॉमवेल अव्हेन्यूवर ६५ क्रमांकाचे घर आहे. ते पाहायला आम्ही मुद्दाम गेलो. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी ते घेतले आणि १ जुलै १९०५ रोजी 'इंडिया हाऊस' या नावाने हिंदी विद्यार्थ्यांसाठी उघडले. सुमारे पंचवीस मुलांची सोय होती. हे घर का काढावे लागले, तर त्या काळी गोरी घरमालकीण हिंदी मुलाचा रंग पाहून दार लावून घेई, आणि दार उघडे ठेवणारी भाडे चढे लावी. १९०६ साली भगूरचे विनायकराव सावरकर शिक्षणासाठी लंडनला गेले आणि याच घरात उतरले. पुढचा इतिहास नाशिककरांना मी सांगावा असे नाही. १९०९ च्या डिसेंबरात आपल्या विजयानंद नाट्यगृहात जॅक्सनचा वध झाला, आणि ते पिस्तूल ज्या खेपेतून आले ती खेप इंडिया हाऊसच्या स्वयंपाक्याने पेटीच्या खोट्या तळात दडवून आणली होती! घर पुढे बंद पडले. आज तिथे दुसरी मंडळी राहतात, त्यामुळे आत जाता येत नाही. रस्त्यावरून फलक तेवढा वाचता येतो. आम्ही पाच-दहा मिनिटे उभे होतो. घर अगदी साधे, लाल विटांचे. अंगणात कुणाची तरी सायकल होती.

कर्झन वायलीच्या खुनानंतर, म्हणजे १९०९ च्या जुलैनंतर, सावरकरांना लंडनमध्ये खोली मिळणे कठीण होऊन बसले. एक बिऱ्हाड सुटले की दुसरे शोधा, अशी अवस्था. राजकारण क्षणभर बाजूला ठेवा. परमुलखात रात्री डोके टेकायला जागा नसणे म्हणजे काय, एवढेच मनात आणा. आणि हे केवळ क्रांतिकारकांच्या वाट्याला आले असे नाही. वर्णावरून माणसाला घर नाकारणे हे ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्यापर्यंत गुन्हा किंवा बेकायदा मानले जात नव्हते.

डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाच्या घरात राहत. घरमालकीण जेवणाच्या बाबतीत फार हात आखडून वागे. बाबासाहेब दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचीत बसत, आणि रात्री अभ्यास करताना भूक लागली की एका ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून खात. ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि तिथे स्मारक केले आहे. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचे गाव ते आपले. नाशिकहून जाणाऱ्याने हे घर चुकवू नये.

काटकसरीचा सगळ्यात व्यवहारी धडा मात्र गांधीजींचा. १८८८ साली ते लंडनला पोहोचले ते एका मोठ्या हॉटेलात, आणि तीन पौंडांचे बिल पाहून हबकले. पुढे त्यांनी दोन खोल्या सोडून एक केली, शेगडी घेतली, सकाळी ओटची लापशी आणि कोको घरी करू लागले, आणि दिवसाचा खर्च सव्वा शिलिंगावर आणला. त्यांनी बिऱ्हाड निवडताना एक कसोटी लावली होती, ती मला फार शहाणपणाची वाटते. कामाच्या जागी अर्ध्या तासात पायी पोहोचता आले पाहिजे. कारण लांबची खोली स्वस्त दिसते, पण रोजचे भाडे तिच्यात मिळवले की हिशेब उलटतो. आपल्याकडे पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या घरी विचारा! लंडनला गावाचे झोन पाडलेले आहेत, आणि मध्यापासून जितके लांब तितके रेल्वेचे भाडे जास्त. म्हणून खोलीचा दर आणि प्रवासाचा दर एका कागदावर मांडून मगच ठरवावे. उलट जिनिव्हासारख्या अति महाग गावात हॉटेलात किंवा वसतिगृहात उतरणाऱ्याला शहरातल्या ट्रामचा आणि बसचा पास फुकट मिळतो. तो हिशेबात धरावा.

आता काही फुटकळ गोष्टी, जशा आठवतील तशा सांगते.

जून ते सप्टेंबर इंग्लंडातल्या विद्यापीठांना मोठी सुट्टी असते. तेव्हा त्यांची वसतिगृहे रिकामी असतात आणि अनेक विद्यापीठे त्या खोल्या प्रवाशांना देतात. लंडनमध्ये आम्ही पाच रात्री अशा वसतिगृहात काढल्या. मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर होते. एक सांगून ठेवते, मोहरीची फोडणी घालताना खिडकी उघडा आणि पंखा लावा. तिथे छताला धुराची घंटा असते. ती वाजली की सगळी इमारत खाली रस्त्यावर येऊन उभी राहते. आमच्या मजल्यावर एका पंजाबी कुटुंबाने हा प्रयोग केला आणि आम्ही सगळे रात्री नऊ वाजता थंडीत कुडकुडत उभे होतो.

यूथ हॉस्टेल म्हटले की आपल्याला वाटते हे पोरासोरांचे. तसे नाही. जर्मनीत रिशार्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरांना १९०९ साली मुलांच्या सहलीत वादळाने गाठले आणि एका शाळेत गवतावर रात्र काढावी लागली. त्यातून ही कल्पना त्यांना सुचली. १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे हॉस्टेल उघडले. आता बहुतेक ठिकाणी वयाची अट नाही, आणि दोघांची किंवा कुटुंबाची वेगळी खोलीही मिळते. आमच्या वयाची कितीतरी जोडपी आम्हाला भेटली.

शेंगेन व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. व्हिसा हातात पडेपर्यंत, रद्द केल्यास पैसे परत मिळतील असेच आरक्षण करावे. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, हे विसरू नये. पॅरिस, रोम, ॲम्स्टरडॅम या गावांत खोलीच्या दरावर नगरपालिकेचा प्रवासी कर असतो. ॲम्स्टरडॅमला तर तो साडेबारा टक्के आहे, आणि तो पुष्कळदा तिथे पोहोचल्यावर हातात मागतात. गावात मोठे व्यापारी प्रदर्शन किंवा जत्रा असेल, उदाहरणार्थ म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट, तर त्या दिवसांत तिकडे फिरकू नये. ब्रुसेल्ससारख्या कचेऱ्यांच्या गावात मात्र शनिवार-रविवारी खोल्या स्वस्त होतात, कारण कामाची माणसे घरी गेलेली असतात. न्हाणीघर सामायिक असलेली खोली घ्यायला लाजू नये. आपण वाड्यात वाढलेल्या बायका!

पॅरिसला विद्यार्थ्यांसाठी एक वसाहतच आहे, 'सिते युनिव्हर्सितेर'. पहिल्या महायुद्धानंतर निरनिराळ्या देशांच्या मुलांनी एकत्र राहावे म्हणून ती १९२५ साली सुरू झाली. तिथे देशोदेशीची घरे आहेत, आणि त्यांत आपले भारताचेही 'मेझाँ द लांद' आहे. १९६८ पासून तिथे आपल्याकडची मुले राहत आली आहेत. मूल पॅरिसला शिकायला जात असेल, तर पालकांनी पहिला अर्ज इथे करावा.

मुलांचा विषय निघालाच आहे तर गेल्या वर्षीची एक हकीकत सांगते. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला लंडनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती अर्धी. तिच्या आईने शिकवणी-फीचे पैसे कसेबसे जमवले, पण खोलीच्या भाड्याचा आकडा पाहून घरात "राहू दे, इथेच एम.ए. कर" असे बोलणे सुरू झाले. इतक्यात कुठल्याशा जाहिरातीत एक सुंदर खोली अर्ध्या भाड्यात दिसली. फोटो उत्तम, मालक परगावी, किल्ली टपालाने येणार, तेवढे दोन महिन्यांचे भाडे आणि अनामत आधी पाठवा! आई पैसे पाठवायला निघाली होती. मुलगी मात्र सावध. तिने माझ्याकडे येऊन विचारले. मी म्हटले, "अगं, आपल्या नाशकात तू कुलूप न पाहता घर घेशील का?" खोली स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय एक पैसा पाठवू नये. तिकडे इंग्लंडात २०१९ पासून कायदा आहे, की साधारणतः पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा अधिक अनामत घरमालकाला घेता येत नाही, आणि घेतलेली अनामत सरकारमान्य योजनेत ठेवावी लागते. ज्याला हे विचारले की राग येतो, त्याची खोली घेऊ नये. त्या जाहिरातीवाल्याला मुलीने हा एकच प्रश्न विचारला. त्यानंतर त्याचे उत्तर आले नाही.

मग आम्ही दोघी आणि तिची आई माझ्या स्वयंपाकघरात बसलो. एका वहीत विद्यापीठाची वसतिगृहे, संस्थांची वसतिगृहे, इंडियन वायएमसीए अशी यादी केली, आणि प्रत्येकाला एकाच दिवशी पत्र पाठवले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे. तिथे खोली मिळत नाही, पण चार मराठी माणसे मिळतात, म्हणून तोही पत्ता वहीत घेतला. पाच ठिकाणांहून नकार आला. सहाव्या ठिकाणी, विद्यापीठाच्याच एका जुन्या वसतिगृहात, दोघींत मिळून एक खोली मिळाली. ती एकटीच्या खोलीपेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि कॉलेज पायी पंचवीस मिनिटांवर. गांधीजींच्या कसोटीला उतरली!

मुलगी आता तिथेच आहे. तिची ती वही मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. ज्यांच्या घरी कुणी जाणार असेल त्यांनी चिटणीसबाईंकडून घेऊन जावी आणि नवा पत्ता कळला तर त्यात लिहून परत आणावी. जाताना तिने मला विचारले होते, पोळपाट-लाटणे न्यावे का? तर लाटणे जरूर न्या, पोळपाट नको. तिकडचे ओटे गुळगुळीत असतात, त्यांच्यावर पोळी छान लाटता येते.